भोवरे मोजले, दात कोण मोजणार?



उसाचे बेणे घ्यायचे झाले तर आपण समोरच्याला किती प्रश्न विचारतो! बेणे किती महिन्यांचे? लावणीचे की खोडव्याचे? डोळा फुगीर आहे की वाळका? को ८६०३२ म्हणून देतोय ते खरोखर तेच आहे का? दहा महिन्यांचे बेणे सोडून कोणी चौदा महिन्यांचे पुढे केले तर आपण तिथेच पाठ फिरवतो. कारखान्याच्या काट्यावर गाडी चढली की चार-दोन किलोंच्या फरकासाठी आवाज चढतो. तो चढलाच पाहिजे, ते आपले पैसे आहेत. पण हाच सभासद जनावरांच्या बाजारात गेला की त्याची ही सगळी चौकशी कुठे जाते, हा प्रश्न आम्हाला बरेच दिवस पडलेला आहे. बेण्याचे वय महिन्यांत मोजणारा माणूस घोड्याचे वय विकणाऱ्याच्या तोंडून ऐकतो आणि विसार देऊन मोकळा होतो. ज्याच्या तोंडात ते वय लिहिलेले असते, त्याचे तोंड मात्र उघडून बघत नाही.

घोड्याचा विषय साखर कारखान्याच्या अंकात कशाला, असे कोणी म्हणेल. कारण सरळ आहे. आपल्या भागात घोडे पुन्हा आले आहेत. टांगे गेले, पण वरातीचा घोडा राहिला, शर्यतीच्या गाडीचा घोडा राहिला, आणि उसाचे बिल हातात आले की दारात एक घोडी असावी अशी हौस तरण्या पोरांना लागली आहे. हौसेला आमची ना नाही. हा शाहू महाराजांचा मुलूख. इथे कुस्ती, शिकार आणि घोडा यांचे वेड कोणाला शिकवावे लागत नाही. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या दत्ताची यात्रा आणि माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरली की आपल्या तालुक्यांतून गाड्या भरून पोरे तिकडे जातात. कोणी मारवाडी घेऊन येतो, कोणी काठेवाडी. एवढ्या लांबून आणलेले जनावर गावच्या वेशीत शिरले की फटाके वाजतात. दोन वर्षांनी तेच जनावर वैरण नीट चावत नाही, चालताना ठेचकाळते, दम धरत नाही, मग जाणता माणूस ओठ वर करून दात बघतो आणि म्हणतो, “सात वर्षाचा म्हणून घेतलास व्हय? हा पंधराच्या खाली न्हाई गड्या.” बैल गेला नि झोपा केला, त्यातला हा प्रकार.

यात नवल असे की आपली माणसे घोडा घेताना काहीच बघत नाहीत असे नाही. उलट फार बघतात. भोवरे बघतात. गळ्याखाली देवमण आहे का, डोळ्याखाली आसूढाळ तर नाही ना, चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा म्हणजे पंचकल्याणी आहे का, नुकरा आहे की अबलख आहे, कान टोकाला टोक लागण्याइतके वळतात का. एका भोवऱ्यासाठी किंमत वर जाते आणि एका भोवऱ्यासाठी चांगले जनावर बाजारातून परत जाते. ज्याची श्रद्धा आहे त्याने भोवरे खुशाल बघावेत, आमचे भांडण नाही. पण भोवरा जन्माला आला त्या दिवशी जिथे होता तिथेच मरेपर्यंत राहतो. तो जनावराने किती उन्हाळे काढले ते सांगत नाही. ते सांगतात दात. आणि दात बघायला पंचांग लागत नाही, उजेड आणि धीर लागतो.

आपल्याला बैलाचे दात कळतात. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला, ही भाषा शाळेत न गेलेल्या गड्यालाही येते. खोंडाला पहिले दोन पक्के दात साधारण अडीच वर्षांच्या सुमारास येतात आणि साडेचार-पाच वर्षांच्या आत-बाहेर तो जुळतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये तात्पुरती वाट मिळाली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने त्या कायद्याच्या चौकटीत बसल्या. तेव्हापासून आदत आणि दुसा हे शब्द तर शर्यतीच्या फलकावरच आले. पण बैलाचे हे ज्ञान घोड्याला जसेच्या तसे लावले की माणूस फसतो. बैलाला वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच. खाली आठ असतात. घोड्याला पुढचे दात वर सहा, खाली सहा असे बारा असतात. म्हणजे जोडीने मोजायचे तर मधली जोडी, तिच्या दोन्ही बाजूंची दुसरी जोडी आणि कोपऱ्याची तिसरी. शिवाय बैल एकदा जुळला की पुढचे वय झिजेवरून अंदाजानेच सांगावे लागते. घोड्याचा हिशेब जुळल्यावरही पुष्कळ काळ चालू राहतो, कारण त्याचा दात वर्षाला दोन-तीन मिलिमीटर झिजतो आणि तितकाच हिरडीतून वर सरकत राहतो. झिजणाऱ्या दाताचा आडवा छेद दरवर्षी आपल्यापुढे येतो, झाड कापल्यावर आतली वळी दिसावीत तसा.

आता प्रत्यक्ष हिशेब सांगतो. हा ज्याने त्याने वहीत उतरवून ठेवावा.

शिंगरू वर्षाचे होण्याच्या आत त्याचे पुढचे दूधदात सगळे आलेले असतात. मधली दूधजोडी पडून पक्की जोडी येते ती अडीच वर्षांच्या सुमारास, दुसरी साडेतीनला, कोपऱ्याची साडेचारला. आलेला दात वाढून समोरच्या दाताला भिडायला आणखी सहा महिने लागतात. म्हणून मधली जोडी भिडली की तीन, दुसरी भिडली की चार आणि कोपऱ्याची भिडली की पाच वर्षे पुरी, घोडा जुळला. नराला चार-पाच वर्षांच्या दरम्यान सुळेही येतात. घोडीला ते बहुधा नसतात किंवा अगदी बारीक असतात. तेव्हा घोडीला सुळे नाहीत म्हणून ती तरणी, असे कोणी सांगू लागला तर हसून पुढे चालावे.

इथेच पहिली फसगत होते. दोन वर्षांच्या शिंगराच्या तोंडातही बारा दात असतात आणि पाच वर्षांच्या घोड्याच्या तोंडातही बारा असतात. नुसते मोजणारा फसतो. दूधदात लहान, पांढरेशुभ्र आणि हिरडीपाशी गळा आवळल्यासारखे असतात. पक्का दात रुंद, पिवळसर आणि उभ्या रेघांचा असतो. काही ठिकाणी कोवळे शिंगरू मोठे दाखवण्यासाठी त्याचे दूधदात वेळेआधी उपटतात, म्हणजे पक्के दात लवकर वर यावेत. तसले शिंगरू घेऊन त्याला लगेच गाडीला जुंपले की त्याचे पाय कायमचे जातात. म्हणजे वय चोरणे जसे गुन्ह्याचे, तसे वय वाढवून सांगणेही गुन्ह्याचेच.

पाचव्या वर्षानंतर वाटी बघायची. पक्क्या दाताच्या माथ्यावर मधोमध एक काळी खळगी असते, तिला आम्ही वाटी म्हणतो. दात झिजेल तशी ती उथळ होत जाऊन पुसली जाते. खालच्या मधल्या जोडीची वाटी सहाव्या वर्षी जाते, दुसऱ्या जोडीची सातव्या, कोपऱ्याची आठव्या. म्हणजे आठाव्या वर्षी खालचे सहाही माथे सपाट. वरच्या दातांच्या वाट्या साधारण नवव्या, दहाव्या, अकराव्या वर्षी जातात, पण वरच्यांचा भरवसा कमी. आठाच्या सुमारास वाटीच्या पुढच्या अंगाला एक पिवळसर-तपकिरी आडवी रेघ दिसू लागते आणि वय वाढेल तशी ती गोल होऊन दाताच्या मधोमध येते. दाताच्या माथ्याचा आकारही बदलतो. तरणेपणी आडवा लंबगोल, मग गोल, आणि उतारवयात तिकोनी.

आठाच्या पुढे आणखी एक खूण आहे. वरच्या कोपऱ्याच्या दाताच्या बाहेरच्या बाजूला हिरडीपाशी साधारण दहाव्या वर्षी एक उभी काळसर रेघ डोके वर काढते. ती पंधराव्या वर्षी अर्ध्या दातापर्यंत येते, विसाव्या वर्षी पुरी लांबी धरते. पुढे वरून पुसत जाऊन पंचविशीला फक्त खालच्या अर्ध्यात उरते आणि तिशीला नाहीशी होते. एकोणिसाव्या शतकातील घोडे वठवणाऱ्या सिडनी गॅल्व्हेन यांच्या नावाने ही रेघ ओळखली जाते. आणि शेवटची खूण तर तोंड न उघडताही दिसते. ओठ बाजूने विलग करून बघा. तरण्या घोड्याचे वरचे-खालचे दात जवळजवळ उभे, एका रेषेत भिडतात. म्हाताऱ्याचे पुढे झुकतात, लांबट दिसतात, आणि दोन्ही मिळून पुढे टोक काढतात.

ही विद्या परदेशातून आली असे कोणी समजू नये. शालिहोत्राची परंपरा आपली आहे, नकुलाच्या नावावर अश्वचिकित्सेचा ग्रंथ आहे, आणि शुक्रनीतीतही दातांवरून घोड्याचे वय ओळखण्याचा भाग आहे. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार आपला स्वतःचा घोडा घेऊन येई, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. ज्या मुलखात माणसाची रोजी आणि अब्रू घोड्याच्या चार पायांवर उभी होती, त्या मुलखात तोंड न बघता घोडा घेणारा शिलेदार फार दिवस टिकला नसता. आजही मेंढरे घेऊन आपल्या शेतात बसायला येणारा धनगर बघा. त्याच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहणारे ते भीमथडीचे बुटके तट्टू दिसायला साधे. पण ते विकत घेताना धनगर पहिल्यांदा काय बघतो, ते त्याला विचारा. तो भोवऱ्याचे नाव नंतर घेतो.

आता लबाडीकडे येऊ. आम्ही सगळ्या हेड्यांना एका काठीने हाकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एका शब्दावर व्यवहार करणारे व्यापारी आम्ही पाहिले आहेत आणि त्यांच्यामुळेच वडगावच्या बाजारापासून चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेपर्यंत जनावरांचे बाजार नावाला आले. पण लबाड माणूस हिशेब जाणतो, म्हणूनच लबाडी करू शकतो. झिजून सपाट झालेल्या म्हाताऱ्या दातात कानशीने किंवा तापलेल्या सळईने नवी खळगी कोरतात आणि ती काळी करतात, म्हणजे वाटी अजून आहे असे वाटावे. ही युक्ती इतकी जुनी आहे की इंग्रजीत तिला ‘बिशपिंग’ असे स्वतंत्र नावच पडले. डोळ्यांवरचे आणि कपाळावरचे पांढरे केस कलप लावून काळे करतात. लांब झालेले दात घासून आखूड करतात.

यातले काही झाले तरी खरे लपत नाही, फक्त बघणाऱ्याने एका खुणेवर थांबू नये. खऱ्या वाटीभोवती दाताच्या कठीण कवचाची कडा असते. बोटाच्या नखाला ती उंचवट्यासारखी लागते. कोरलेल्या खळगीला ती कडा नसते. शिवाय माथा तिकोनी, दात पुढे झुकलेले, कोपऱ्याची रेघ अर्ध्यावर आलेली, आणि वाटी मात्र सहा वर्षांच्या घोड्याची, असे झाले म्हणजे साक्षीदार एकमेकांशी जुळत नाहीत. कोर्टात चार साक्षीदार चार गोष्टी सांगू लागले तर न्यायाधीश काय समजतो? तेच आपण समजावे.

इथे एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आम्हीही हेड्यासारखे छातीठोक बोलणारे ठरू. आठ-नऊ वर्षांपर्यंत दात बऱ्यापैकी नेमके बोलतात. पुढे अंदाजच असतो, आणि जाणत्या पशुवैद्याच्या अंदाजातही वर्ष-दोन वर्षांचा किंवा जास्त फरक पडतो. रेताड जमिनीवर खाल्लेले, कडक वैरणीवर वाढलेले जनावर दात लवकर झिजवते. ज्याला गव्हाण किंवा खुंटा चावण्याची खोड आहे त्याचे पुढचे दात अकाली झिजतात. ज्याचा वरचा जबडा पुढे आलेला आहे त्याचे दात नीट भिडतच नाहीत, तिथे हिशेब चुकतो. म्हणून “बारा वर्षे तीन महिने” असे ठासून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो विकणारा असो वा बघायला नेलेला जाणकार. “दहाच्या पुढचा, पंधराच्या आतला” असे म्हणणारा माणूस बहुधा खरा जाणकार असतो.

पण मग आमचे म्हणणे काय? म्हातारा घोडा घेऊच नये? बिलकूल नाही. उलट आमचे म्हणणे असे की वय जास्त असणे हा दोषच नव्हे. घोडा नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षे जगतो. नव्याने बसायला शिकणाऱ्या पोराला बारा वर्षांचा शांत, रस्त्याला आणि डॉल्बीला सरावलेला घोडा तीन वर्षांच्या तापट शिंगरापेक्षा लाख पटीने बरा. फक्त बारा वर्षांच्या घोड्याला बारा वर्षांची किंमत द्यावी, आणि बारा वर्षांचे काम सांगावे. आम्हाला राग येतो तो खोट्या वयाचा. कारण खोट्या वयाचे पैसे एकदा आपण भरतो आणि नंतर ते जनावर भरते. पंधरा वर्षांच्या घोड्याला सातचा समजून आपण सातच्या घोड्याइतकी धाव मागतो. तो देत नाही. मग चाबूक लागतो. त्याला बोलता येत नाही, नाहीतर तो म्हणाला असता, “मालक, वय मी चोरलं न्हाई.” विणीसाठी घेतलेल्या घोडीचे तसेच. तिचा गाभणकाळ अकरा महिन्यांचा. उतारवयाची घोडी तरणी म्हणून घेतली तर गाभ धरण्याची वाट बघण्यात दोन-तीन वर्षे हातची जातात, आणि दोष मात्र घोडीच्या पायगुणाला.

हौशी माणसाचे नुकसान तो सोसू शकतो. पण आमच्या जिवाला लागते ती गोष्ट दुसरीच आहे, आणि ती आपल्या कारखान्याच्या दारात आहे. ट्रॅक्टर आले, तरी ऊस वाहणारी बैलगाडी अजून गव्हाणीपर्यंत येते. गाडीवान हंगामाआधी उचल घेतो आणि त्यातून बैलजोडी घेतो. त्याच्याकडे दहा बाजार फिरायला वेळ नसतो. हंगाम तोंडावर असतो. अशा घाईत जुळून सात-आठ वर्षे झालेला बैल “आत्ताच जुळलाय” म्हणून गळ्यात पडतो. दोन महिने ओढल्यावर बैल बसतो. उचल मात्र बसत नाही, ती वाढत राहते. बैल संपला तरी कर्ज संपत नाही, आणि पुढच्या हंगामात तो माणूस आधीच्या हंगामाचे देणे फेडायला येतो. घोड्याच्या तोंडात चुकलेली चार वर्षे हौसेत जातात. बैलाच्या तोंडात चुकलेली चार वर्षे एखाद्या कुटुंबाच्या भाकरीतून जातात. आपला ऊस वेळेवर तोडला जातो तो याच माणसांच्या जिवावर. म्हणून हा प्रश्न ‘त्यांचा’ म्हणून सोडून देता येत नाही.

काहीजण म्हणतील, कायदा आहे की. आहे, आणि गंमत म्हणजे त्या कायद्यातही घोडाच आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते समजावताना दिलेले बहुतेक दाखले घोड्याच्या विक्रीचे आहेत. पहिल्या दाखल्याचा अर्थ असा: घोड्यात खोट आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि तो लिलावात नुसता गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. तिसरा दाखला याच्या पुढचा: घेणारा म्हणाला की, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निकोप आहे असे मी धरतो, आणि विकणारा तरी गप्पच राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच. यातून साध्या माणसाने काय घ्यायचे? न विचारणाऱ्याला कायदा फारसा आधार देत नाही. चार माणसांत विचारणाऱ्याला देतो. म्हणून रुमालाखाली बोटे दाबून किंमत ठरवा, ती आपली रीत आहे. पण वय मात्र रुमालाबाहेर, मोठ्याने, दोन साक्षीदारांसमोर विचारा. आणि पावतीवर लिहून घ्या. “वय अंदाजे सात वर्षे” एवढी एक ओळ लिहायला ज्याचा हात थरथरतो, त्याच्या दावणीचे जनावर सोडून पुढे जावे.

कोणी म्हणेल, आता गाई-बैलांच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो, सगळी नोंद संगणकात असते, मग दात कशाला बघायचे? बिल्ला चांगलाच आहे, तो मारून घ्याच. पण वासराला लहानपणी बिल्ला मारला असेल तर त्या नोंदीतले वय खरे. मोठेपणी मारला असेल तर मालकाने सांगितले तेच वय नोंदीत उतरलेले असते. कागद माणसाने लिहिलेला असतो, दात निसर्गाने. दोन्ही जुळले तर आनंद, नाही जुळले तर दात खरा धरावा. घोड्याच्या बाबतीत तर बाजारातल्या बहुतेक जनावरांना असा कागदही नसतो.

आणखी एक अडचण आम्ही ऐकतो ती भिडेची. “पाहुण्याच्या ओळखीनं घोडा बघितला, त्याच्या देखत दात कसे बघायचे? अविश्वास दाखवल्यासारखं होतंय.” मंडळी, सोनाराकडे कसोटी लावली म्हणून सोनार रुसत नाही. काट्यावर वजन केले म्हणून शेतकरी रुसत नाही. ज्याचा माल खरा आहे तो स्वतः होऊन घोड्याचा ओठ वर करून दाखवतो. रुसतो तो कोण, हे ज्याचे त्याने ओळखावे. आणि हेच आपल्यालाही लागू आहे. आपण घेणारे आहोत तसे विकणारेही आहोत. आपल्या गोठ्यातला थकलेला बैल बाजारात नेताना शेजाऱ्याने त्याचे वय दोन वर्षे कमी सांगितले तर आपण हसून सोडून देतो, “चालतंय बाजारात” म्हणतो. ते चालते म्हणूनच दुसऱ्या दिवशी आपल्यालाही कोणीतरी तसेच चालवून घेतो.

तेव्हा आमचे मागणे दोन ठिकाणी आहे.

सभासदांकडे मागणे असे. जनावर उजेडात बघा, दिवेलागणीला सौदा करू नका. घोड्याच्या समोर उभे राहू नका, बाजूला राहा. मोरखी धरून पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीत अंगठा घाला, तोंड आपोआप उघडते. आधी दातांचा कल, मग खालचे माथे, मग वरच्या कोपऱ्याची रेघ, या क्रमाने बघा. भोवरे सर्वांत शेवटी बघा. रक्कम मोठी असेल तर पशुवैद्याला दाखवा आणि त्याच वेळी ग्लँडर्सच्या रक्ततपासणीची चौकशी करा, कारण तो रोग माणसालाही लागतो. पशुवैद्याची फी वाचवून लाखाचा घोडा घेणे म्हणजे माती परीक्षण न करता खताची पोती ओतणे.

कारखान्याकडे मागणे असे. आपले शेतकी खाते माती तपासते, बेणे तपासते, शिवारफेरी काढते. दरवर्षी गळीत हंगामाच्या आधी, उचल वाटण्याच्या सुमारास, एक दिवस गट कार्यालयांवर पशुवैद्य बोलवावा आणि गाडीवानांना व सभासदांच्या मुलांना प्रत्यक्ष जनावर उभे करून दात दाखवावेत. एक म्हातारा बैल, एक तरणा, एक घोडा, एक शिंगरू. चार जनावरे आणि दोन तास पुरे. उचलीतून जोडी घेणाऱ्या गाडीवानाला हवे असेल तर खरेदीआधी जोडी तपासून द्यायची सोय व्हावी, सक्ती नको. खर्च म्हणाल तर एका बसलेल्या बैलाच्या किमतीपेक्षा कमी.

गाळपाचा उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला तर आपण सर्वसाधारण सभेत उभे राहतो आणि उत्तर मागतो. जनावरांच्या बाजारात आपल्या घामाचा पैसा दरसाल किती घसरतो, त्याला मात्र सभा नाही, अहवाल नाही, हिशेबनीस नाही. तिथे प्रत्येकजण आपला आपणच हिशेबनीस. तो हिशेब घोड्याच्या ओठामागे मांडून ठेवलेला आहे. ओठ वर करायचे कष्ट तेवढे आपले.